भिंतीपलीकडची विकेट

माझ्या आयुष्यातले झाडून सगळे मोठे निर्णय मी कुणीतरी हसल्यामुळे घेतलेले आहेत. दाढी ठेवली ती साडू हसला म्हणून, काढली ती बायको हसली म्हणून. आणि घरातली केबल काढली ती आमच्या ऑफिसातला कॅशियर हसला म्हणून. दुपारी डबा खाताना मी आपलं सहज म्हणालो, की काल टीव्हीवर मोठा झकास रहस्यपट लागला होता, पण ऐन शेवटी पडद्यावर मुंग्या आल्या आणि खून कुणी केला ते कळलंच नाही. कॅशियरने घास हातातच धरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे अजून केबल आहे?" 'तुमच्याकडे अजून ढेकूण आहेत?' हे ज्या सुरात विचारतात, त्या सुरात.

मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात काम करतो. लोकांचं वाटेल ते ऐकून घेण्याचाच मला पगार मिळतो. पण हे मला लागलं. उरलेला दिवस मी नळाला पाणी न आलेल्या लोकांशी असल्या पडेल चेहऱ्याने बोललो, की एक आजीबाई आपली तक्रार विसरून "जाऊ द्या हो, येईल उद्या" अशी माझीच समजूत घालून गेल्या. ऑफिस सुटेपर्यंत मात्र अपमानाचा उत्साह झाला होता. कॅशियरने मला सगळं समजावून सांगितलं होतं. केबल नको, डबा नको, मुंग्या नकोत. सगळं इंटरनेटवरून येतं. हवं ते, हवं तेव्हा बघा. थांबवा, मागे न्या, पुढे न्या, चहा करून या, तोपर्यंत खुनी बिचारा सुरा उगारून जागच्या जागी उभा. मला तर रस्त्याने चालताना गाणं म्हणावंसं वाटत होतं.

घरात शिरताशिरताच मी घोषणा केली, "आजपासून या घरात नवं युग!"

बायको इस्त्री करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आधी चप्पल बाहेर काढा. कसलं युग?"

मी सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझी मालिका दिसेल का?"

"अगं, मालिका काय घेऊन बसलीस! हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा दिसेल."

"हवी तेव्हा नको. साडेआठला दिसेल का?"

एवढ्यात खुर्चीतून आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा आवाज आला. "आणि मॅच?"

"मॅच तर दिसेलच, आप्पा."

"लाइव्ह?"

"लाइव्ह काय विचारता! लाइव्हपेक्षा लाइव्ह!" मी म्हणालो. माणसाने उत्साहाच्या भरात तोंड उघडू नये असं जे म्हणतात, ते उगीच नाही.

आप्पांच्या मॅचविषयी इथे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. आमच्या मजल्यावर दोनच घरं. शेजारच्या घरात निवृत्त पोस्टमास्तर एकटेच राहतात. आप्पा आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण झालं ते जिन्यातल्या एका कुंडीवरून. ती कुंडी केव्हाच फुटली, झाड केव्हाच वाळलं, भांडण मात्र टवटवीत आहे. जिन्यात समोरासमोर आले की दोघेही एकदम विजेच्या मीटरचे आकडे वाचायला लागतात. पण मॅच सुरू झाली की गोष्ट वेगळी. दोघांच्याही आरामखुर्च्या मधल्या भिंतीला टेकलेल्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला. चौकार गेला की भिंतीवर बोटाने एक टक. षटकार गेला की दोन. विकेट पडली की अख्ख्या तळव्याची धाड. जो आधी ठोकेल तो जिंकला, आणि दुसऱ्याने लगेच उत्तर द्यायचं. हे नियम कुणी ठरवले, केव्हा ठरवले, देव जाणे. बायको एकदा म्हणाली, "आप्पा, म्हणजे तुम्ही बोलता तर त्यांच्याशी." आप्पा कडाडले, "मी कुठे बोललो? भिंत वाजली!"

आई गेल्यापासून आप्पांचं बाहेर पडणं जवळजवळ थांबलंय. आमच्याशी ते 'हं' आणि 'राहू दे' एवढंच बोलतात. पण मॅचच्या दिवशी सकाळपासून स्वारी खुशीत असते, दाढी काय करतात, खुर्ची काय पुसतात. विशेषतः लंबू खेळणार असेल तर. लंबू हा आमच्या संघाचा ताडमाड उंच फलंदाज. जगातल्या बाकी सगळ्या बाबतीत आप्पांचं आणि पोस्टमास्तरांचं वाकडं असेल, पण लंबूने चौकार मारला की भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी टक व्हायचं. मला ते ऐकून दरवेळी बरं वाटायचं.

असो. मी कामाला लागलो. केबल काढणं हे केबल घेण्यापेक्षा अवघड आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. केबलच्या ऑफिसात फोन केला. बराच वेळ बासरी ऐकवल्यावर एक बाई बोलल्या.

"सर, तुमची एक तक्रार अजून शिल्लक आहे. ती निकालात निघाल्याशिवाय कनेक्शन बंद होत नाही."

"ती तक्रार माझीच आहे. मुंग्यांची."

"हो सर. आमचा माणूस येईल, मुंग्या घालवेल, मग बंद करता येईल."

"अहो बाई, मुंग्या गेल्या तर मी बंद कशाला करीन?"

"ते तुमच्यावर आहे सर."

मी स्वतः तक्रारींच्या धंद्यातला. इतकं चिरेबंदी उत्तर मला उभ्या हयातीत देता आलेलं नाही. माझा हात सलामासाठी आपोआप कपाळाकडे गेला. शेवटी मी लेखी कळवलं, की आपल्या केबलवरचं चित्र अत्यंत स्वच्छ, सुरेख आणि मनोहर दिसतं, सबब ती बंद करण्यात यावी. त्यांनी माझी नोंद समाधानी ग्राहकांत करून घेतली आणि डबा परत आणायला सांगितलं. तिथल्या खिडकीवरच्या माणसाने डबा पाहिला, वायर पाहिली, रिमोट उलटा केला. आमच्या रिमोटचं मागचं झाकण फार पूर्वी परागंदा झालेलं, त्याजागी रबर बँड. "हे रबर आमचं नाही," तो म्हणाला आणि रबर काढून अदबीने माझ्या हातात ठेवलं. सेल टणाटण उड्या मारत जमिनीवर गेले. इतक्या वर्षांच्या संसारातून मी तेवढं एक रबर घेऊन घरी आलो.

मग इंटरनेटवाला आला. त्याच्यापाठोपाठ आमचे साडूभाऊ आले, कारण घरात ड्रिल मशीन येणार असं कळलं की त्यांना राहवत नाही. आणि खालच्या मजल्यावरचा शिंपी गळ्यातल्या टेपसकट वर आला. वायर कुठून आत घ्यायची यावर तिघांची परिषद भरली. साडू म्हणाले, दारावरून. शिंप्याने टेप लावून सिद्ध केलं की खिडकीखालून घेतली तर वायर वाचते. इंटरनेटवाला म्हणाला, आपण नेहमी छताजवळून घेतो. कुणाचं मन मोडू नये म्हणून तिन्ही ठिकाणी भोकं पाडून झाली. शेवटी वायर उघड्या खिडकीतूनच आत आली, ती आजतागायत तिथेच आहे, आणि ती खिडकी लागत नाही. ते लुकलुकणारं यंत्र फ्रिजवर ठेवलं. तिथे ते खूश असायचं. मायक्रोवेव्ह लावला की तेवढं रुसायचं.

आणि मग तो सोनेरी क्षण आला. नवा पडदा उजळला आणि पासवर्ड मागू लागला. रिमोटच्या बाणाने एकेक अक्षर वेचायचं म्हणजे चिमट्याने तांदूळ निवडायचे. एक अक्षर चुकलं की पहिल्यापासून. आप्पा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पत्र टाकलं असतंस तर एव्हाना पोचलं असतं." एवढ्यावर भागलं नाही. मॅच एका अ‍ॅपवर, मालिका दुसऱ्यावर, बातम्या तिसऱ्यावर, आणि प्रत्येकाचा पासवर्ड निराळा. कुठलंही उघडलं की पडदा विचारायचा, कोण बघत आहे? आप्पांना हा प्रश्न अतिशय उर्मट वाटला. "समोर बसलोय, दिसत नाही का?" असं ते पडद्यालाच म्हणाले. त्यांच्या नावाने वेगळा कप्पा उघडला, तर कंपनीने त्यांना चित्र दिलं गुलाबी अस्वलाचं. ते बदलता बदलेना. "राहू दे," आप्पा म्हणाले, "आता या वयात काय."

पण मी सांगतो, ते पहिले काही दिवस घरात नुसती दिवाळी होती. रहस्यपटाचा खुनी मला सापडला. (माळी होता. मला वाटलंच होतं.) बायकोने साडेआठचा हट्ट सोडला आणि मालिकेतल्या सासूला ऐन बोलताना थांबवून ठेवण्यात तिला एक आगळाच आनंद मिळू लागला. मी इतका हवेत होतो, की जिन्यात भेटेल त्याला विचारत होतो, "म्हणजे तुमच्याकडे अजून केबल आहे?" शिंप्याला तर मी भरात आमचा पासवर्डसुद्धा देऊन टाकला. त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून आमचा टीव्ही मला कुस्त्या आणि भुताचे सिनेमे सुचवायला लागला, पण मोठ्या मनाच्या माणसाने असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

मग क्रिकेटची स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच मॅचला आप्पा गुळगुळीत दाढी करून, पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन, भिंतीला खुर्ची टेकवून बसले. चित्र असं, की मैदानावरचं गवत मोजून घ्यावं. आप्पा माझ्याकडे बघून चक्क हसले. पडद्यावर गोलंदाज चेंडू पँटला घाशीत सावकाश मागे चालला होता. आणि भिंत दणाणली. धाड!

आप्पा खुर्चीत उडाले. "विकेट ठोकली याने! कुठाय विकेट?"

पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू घाशीत होता.

"चळला म्हातारा," आप्पा म्हणाले.

गोलंदाज वळला, पळत आला, चेंडू टाकला, आणि मधली दांडी कोलांटी खात मागे गेली. आप्पांचा तळवा अर्ध्यावरच राहिला. थोड्या वेळाने भिंत म्हणाली, टक टक. पडद्यावर फलंदाज हेल्मेट काढून डोकं खाजवत होता. मग त्याने हेल्मेट घातलं, पुढचा चेंडू आला आणि त्याने तो प्रेक्षकांत भिरकावला. बायको कपडे घडी करायची थांबली. "अगंबाई, यांना आधी कळतंय!"

"योगायोग," मी म्हणालो. पण पुन्हा टक झालं आणि मागाहून चौकार आला. मी गॅलरीत जाऊन साडूंना फोन लावला.

"साडूभाऊ, तसंच असतं ते," ते म्हणाले. "चेंडू आधी वर जातो, मग कंपनीकडे येतो, तिथे त्याचे बारीक तुकडे होतात, मग ते तुकडे तुमच्या घरी येऊन जुळतात. अर्धं-पाऊण मिनिट मागेपुढे होणारच."

"हे आधी नाही का सांगायचं? आणि केबल?"

"केबल काय, अडाणी. सरळ येते."

मी आत आलो तर आप्पा माझ्याकडे बघत होते. "लाइव्हपेक्षा लाइव्ह," ते एवढंच म्हणाले. मला गॅलरीतून परत यायलाच नको होतं असं वाटलं.

आता कुणी म्हणेल, की पलीकडून ठोकलं की आप्पांनीही लगेच ठोकून द्यावं, हाय काय अन् नाय काय. पण आप्पा तसले नव्हेत. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठोकायचं नाही हा त्यांचा बाणा. त्यामुळे पलीकडे विकेट पडायची, धाड व्हायची, मग बराच वेळ शांतता, आणि पलीकडचा पुढचा गडी मैदानात येऊन उभा राहिला की आप्पांची धाड. अशा तीन-चार मॅच झाल्या. मग एका संध्याकाळी शिंपी माझी पँट घेऊन वर आला आणि दारातच आवाज उतरवून म्हणाला, "आप्पांना डॉक्टरला दाखवलंत का? पोस्टमास्तर म्हणत होते, आता पहिल्यासारखं राहिलं नाही. विकेट पडली तरी डोक्यात शिरायला वेळ लागतो म्हणे."

शिंप्याचा उतरवलेला आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. आप्पांनी ते ऐकलं. उठले आणि आरामखुर्ची भिंतीपासून ओढत खोलीच्या मधोमध आणून ठेवली. पुढच्या मॅचला पलीकडून टक झालं, टक टक झालं, धाड झाली. आप्पांनी हात मांडीखाली घालून घेतले होते. लंबूने चौकार मारला तरी त्यांनी हात काढला नाही. मला फार वाईट वाटलं. या घरात त्यांचं म्हणावं असं जे एक उरलं होतं, ते मी बिनझाकणाच्या रिमोटबरोबर केबलच्या खिडकीवर परत करून आलो होतो.

मी म्हणालो, "आप्पा, मी सांगतो पोस्टमास्तरांना. आपला टीव्हीच मागे आहे, तुम्ही नाही."

"खबरदार!" आप्पा म्हणाले. "त्याच्या दारात गेलास तर मी जेवणार नाही."

म्हणजे उपाय गुपचूप करायचा होता. इंटरनेट कंपनीला फोन केला. त्यांनी तिथूनच वेग मोजला, तो उत्तम निघाला, आणि माझं अभिनंदन झालं. मग अभिमान गिळून केबलच्या ऑफिसात गेलो. अंतिम सामना आठवड्यावर आला होता, आणि लंबूने जाहीर केलं होतं की त्यानंतर तो बॅट ठेवणार. मी तिथल्या बाईंना म्हणालो, "वाटेल ते करा, पण तेवढ्या दिवसापुरती तरी केबल द्या."

त्यांनी कागद पाहिले. "सर, तुम्ही समाधानी असताना सोडून गेलात. असा ग्राहक परत आला तर आधी पाहणी होते."

"कसली पाहणी?"

"की का परत आले. पाहणीचा माणूस रजेवर आहे. मॅच बघायला गेलाय."

उरता उरला फ्रिजवरचा इंटरनेटचा डबा. शिंपी म्हणाला, त्याच्यामागे पोळ्या गुंडाळायचा चकचकीत कागद लावा, वेग वाढतो. साडू म्हणाले, तो उंचावर हवा. अंतिम सामन्याच्या दिवशी मी तो कागदात गुंडाळून, स्टुलावर उभा राहून, पंख्याच्या दांडीजवळ धरून पाहिला. चित्र अर्धं मिनिट मागेच राहिलं, फक्त माझ्या खांद्यात वीज चमकली. बायको म्हणाली, "उतरा आता. तुम्ही पडलात तर तेवढं मात्र लाइव्ह दिसेल."

आप्पांनी त्या दिवशी दाढी केली नव्हती. मधोमधच्या खुर्चीत बसले, हातात एक बिस्किट धरून. सामन्याची दुसरी खेळी, आमच्या संघाला धावा काढायच्या होत्या, आणि लंबू खेळपट्टीवर होता. काय खेळत होता पठ्ठ्या! पलीकडून टक व्हायचं आणि मला कळायचं, आता आपल्याकडे चौकार येणार. मी आनंदाने अर्धा उठून बसायचो आणि आप्पांकडे बघून पुन्हा टेकायचो. भिंतीवर टक झालं. मग टक टक. मग धाड, दुसऱ्या टोकाचा गडी गेला. आप्पांचं उत्तर नाही. मग एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. पलीकडून कशालाही टक व्हायला लागलं. षटक संपलं, टक. पंच नुसता टोपी सावरत होता, टक टक. आमच्याकडे टूथपेस्टची जाहिरात आली तरी धाड धाड. बायको म्हणाली, "यांना झालंय काय?" आणि एवढ्यात भिंत गप्प झाली. पुढच्याच क्षणी आमचं दार कुणीतरी दोन्ही मुठींनी बडवायला लागलं.

दारात पोस्टमास्तर. अंगात बनियन, एका पायात चप्पल, चष्मा कपाळावर. "आप्पा... अरे, तुझे आप्पा बरे आहेत ना?"

मी बाजूला झालो. पोस्टमास्तरांना खोलीच्या मधोमध, बिस्किट हातात धरलेले आप्पा दिसले. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"जिवंत आहेस!"

"आहे की," आप्पा म्हणाले.

"मग ठोकत का नाहीस? विकेट ठोकली, उत्तर नाही. लंबूचा षटकार ठोकला, उत्तर नाही. मॅच सोडून नुसती भिंत बडवत बसलोय! मला वाटलं, गेला हा. लंबूची शेवटची खेळी चाललीये आणि हा गेला!"

"मंद माणूस कशाला ठोकेल?" आप्पा म्हणाले. "माझ्या डोक्यात विकेट शिरायला वेळ लागतो ना? त्या शिंप्याला सांगितलंस तू!"

"मी त्याला म्हणालो, मला काळजी वाटते. शिंपीच तो, मापात कापूनच सांगणार!"

दोघांनी इतक्या वर्षांनी एकमेकांना एकेरीत हाक मारली होती आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मी घाईघाईने अर्ध्या मिनिटाची सगळी कथा सांगितली, तुकड्यांसकट. पोस्टमास्तरांचा विश्वास बसेना. म्हातारा तसाच लंगडत आपल्या घरात गेला. दोन्ही दारं सताड उघडी. तिकडून आरोळी आली, "चौकार! कव्हरमधून! दोघं धावले, पण हाती नाही लागला!" आमच्याकडे लंबू अजून पॅड ठीकठाक करत होता. मग चेंडू आला, कव्हरमधून गेला, दोघे धावले, हाती लागला नाही. आप्पांनी बिस्किट माझ्या हातात दिलं आणि जोरात टाळी वाजवली.

"पुढचं सांग!" ते ओरडले.

"एक धाव! पुढचा नुसता अडवला!"

"आणि मग?"

"मग काय, मग ये की इकडे! मी काय टपाल वाटत बसू?"

आप्पा उठले. दाराच्या चौकटीत क्षणभर घुटमळले, आणि मग सरळ चालत त्या घरात गेले. बायकोने डोळ्याला पदर लावला. मी बिस्किट खाल्लं, दुसरं काय करणार.

आता भिंतीपलीकडून टकटक येत नव्हती, आवाज येत होते. लंबूने पुढे येऊन खेळावं की मागे जाऊन, यावर दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. आप्पांचा एवढा मोठा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. पोस्टमास्तर म्हणाले, तुला क्रिकेटमधलं काय कळतं. आप्पा म्हणाले, तुझ्यापेक्षा ती कुंडी जास्त शहाणी होती. आणि दोघे खो खो हसले. आम्ही नवराबायको आपले अर्धा मिनिट मागे राहून सगळ्या चौकारांना दुसऱ्यांदा ओरडत होतो. थोड्याच धावा राहिल्या होत्या. माझी नखं खाऊन संपली होती. लंबू घामाने निथळत होता, पण हलत नव्हता.

आणि अख्ख्या इमारतीने एकदम उसासा टाकला. वरून, खालून, जिन्यातून. पलीकडच्या घरात तर काहीच ऐकू येईना. पडद्यावर लंबू नुसता हातमोजे घट्ट करत उभा होता.

"काहीतरी झालं," बायको कुजबुजली.

"सांगू नकोस," मी म्हणालो. मला ते कळायला नको होतं.

जिन्यात अनवाणी पावलं धपधप वाजली. आप्पा पोस्टमास्तरांचा हात धरून त्यांना ओढत आणत होते. दोघांचे डोळे ओले. "चल, चल लवकर!" आप्पा ओरडत होते. "आमच्याकडे तो अजून खेळतोय!"

दोघे येऊन पडद्याच्या अगदी पुढ्यात उभे राहिले. कुणी बसलं नाही. पडद्यावर लंबूने आकाशाकडे एकदा पाहिलं, बॅट जमिनीवर हलकेच टेकवली आणि तो वाकून उभा राहिला. त्याला कसलीच घाई नव्हती. समोरून गोलंदाज पळत यायला लागला.

पोस्टमास्तरांनी आप्पांचा दंड घट्ट धरला. "बाहेर जाणारा चेंडू आहे रे," ते लंबूला म्हणाले. "सोड."

"सोड बाबा," आप्पा म्हणाले. "हात लावू नकोस त्याला."